दोन आठवड्यांपूर्वी आई काय करत होती?

गेल्या श्रावणात, राखीपौर्णिमेनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला वहिनींचा फोन आला. "ताई, आई न्हाणीत खाली बसल्यात आणि उठता येईना त्यांना. पडले नाही म्हणतात. पण काय बोलतात ते काही कळेना."

मी पुण्यात, आई कराडला दादा-वहिनींकडे. मी पहिल्यांदा ताप विचारला. थर्मामीटरवर ९९.४ होता. मी म्हटलं, ताप नाही ना, मग उचलून झोपवा, चहा-बिस्कीट द्या आणि परवा सांगितलेली सर्दीची गोळी आज पण एक द्या.

बावीस वर्षं मी औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी आहे. सर्दीची ती गोळी म्हणजे क्लोरफेनिरामाइन, फेनिलेफ्रिन आणि पॅरासिटामॉल. दिवसाला किती पट्ट्या जातात त्याची गणती नाही. त्यातलं क्लोरफेनिरामाइन म्हाताऱ्या माणसाला गुंगी आणतं, भ्रमिष्ट करतं, लघवी अडवतं, तोल घालवतं. वयस्कांना ते शक्यतो देऊ नये, हे आम्हाला शिकवलेलं आहे आणि गिऱ्हाइकांना मी ते सांगतेही. आईला मात्र दोन दिवस मी फोनवरून तीच गोळी देत होते. पुढे दवाखान्यात डॉक्टरांनी "घरी काय काय दिलंत?" असं विचारलं, तेव्हा ते नाव माझ्याच तोंडानं सांगावं लागलं.

नऊ वाजता दादाचा फोन. नेहमीचे डॉक्टर घरी येऊन गेले होते, बोटाला चिमटा लावल्यावर ऑक्सिजन ८९ दिसत होता, लगेच भरती करा म्हणाले होते. मी दुकान तसंच सहकाऱ्यावर सोडलं आणि स्वारगेटला मिळाली ती गाडी धरली. खंबाटकीत धुवांधार पाऊस होता, गाडी मुंगीच्या पावलानं चालली होती आणि मी बोटं मोजत बसले होते. राखीला मी तिथंच होते. भाचा खोकत होता, शाळेत निम्मी मुलं आजारी होती. माझाही घसा दोन दिवस खवखवत होता. दुकानात रोज पन्नास माणसं तोंडावर खोकतात. निघताना मी आईला मिठी मारली होती. तिला तो विषाणू कोणाकडून आला हे कळायला काही मार्ग नाही, पण त्या चार तासांत दुसरं काही सुचत नव्हतं.

दवाखान्यात आईला मास्क लावला होता. एक्स-रेमध्ये दोन्ही फुप्फुसांचा खालचा भाग पांढरा झालेला. घशातला नमुना तपासून आला तो इन्फ्लुएन्झा ए, एच३एन२. साध्या भाषेत फ्लू. रक्तातलं सोडियम १२७ वर उतरलेलं. आईनं मला ओळखलं, पण लगेच म्हणाली, "अगं, ह्यांची आज मुक्कामी गाडी आहे. डबा दोन वेळचा लागेल." अण्णा एसटीत कंडक्टर होते. त्यांना जाऊन पाच वर्षं झाली.

फिजिशियन बाई चाळिशीच्या असतील. त्यांनी आईला तपासलं, मग आम्हा तिघांना बाहेर बोलावलं आणि जो प्रश्न विचारला त्याची मला अपेक्षा नव्हती. "आजारी पडायच्या आधी, साधारण दोन आठवड्यांपूर्वी, त्या काय काय करत होत्या?"

मी म्हटलं, "सगळं स्वतःचं स्वतः करते. चांगली हिंडती-फिरती आहे."

वहिनींनी माझ्याकडे बघितलं. मग, आपण सासूची चहाडी करतोय की काय अशा संकोचानं, त्या एकेक सांगू लागल्या. भाजी आणणं दिवाळीपासून बंद. बँकेत, पेन्शनच्या कामाला वहिनीच जातात. गोळ्या कधी दोनदा घेतात, कधी घेतच नाहीत, म्हणून डबीत भरून द्याव्या लागतात. कुकरचं झाकण लागत नाही. पोळ्या लाटायला बसतात, पण चौथ्या पोळीला हात दुखतात म्हणून उठतात. आंघोळ, कपडे, देवपूजा मात्र स्वतःची स्वतः. जिना उतरताना कठडा आणि कोणाचा तरी हात, दोन्ही लागतं.

मी ऐकत राहिले. यातलं एकही मला ठाऊक नव्हतं. मी सणाला जायची, दोन दिवस राहायची, आणि त्या दोन दिवसांत आई सगळं बळ एकवटून माझ्यासाठी उभी असायची.

डॉक्टरांनी केसपेपरवर एका चौकटीत '५' लिहिलं. त्या आकड्याची गोष्ट मी नंतर वाचून काढली. कॅनडात हॅलिफॅक्सला केनेथ रॉकवुड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली, म्हातारं माणूस किती थकलंय हे मोजणारी ही पट्टी मांडली. तेव्हा सात पायऱ्या होत्या, आता नऊ आहेत. १ म्हणजे ठणठणीत, ९ म्हणजे अखेरचे दिवस. आज खाटेवर पडलेलं माणूस मोजायचं नाही, आजाराच्या दोन आठवडे आधीचं माणूस मोजायचं, हा त्यातला मुख्य नियम. कारण न्यूमोनिया झाल्यावर सगळेच खाटेला खिळलेले दिसतात. ५ म्हणजे घरातलं स्वतःपुरतं जमतं, पण पैशाचे व्यवहार, प्रवास, जड कामं, औषधं यांना दुसरं माणूस लागतं. कोविडच्या पहिल्या लाटेत ब्रिटनमध्ये मार्च २०२० मध्येच वयस्क रुग्णांसाठी ही पट्टी वापरा म्हणून सूचना निघाल्या. तिथली दहा आणि इटलीतलं एक अशा अकरा रुग्णालयांतल्या १५६४ कोविड रुग्णांचा अभ्यास त्याच वर्षी प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं की रुग्णाचं पुढं काय होणार याचा अंदाज वयावरून किंवा आधीच्या आजारांच्या यादीवरून जेवढा येतो, त्यापेक्षा या थकलेपणाच्या आकड्यावरून चांगला येतो. मला ते वाचून आश्चर्य वाटलं नाही. आईला साखर नाही, हृदयविकार नाही, फक्त बीपीची एक गोळी. यादी पाहिली तर ती पासच होती.

डॉक्टर त्याला फ्रेल्टी म्हणतात. आपल्याकडे त्याला शब्द आहे, आणि तो आम्ही वर्षभर रोज वापरत होतो. "आई थकली आता." फोन ठेवताना मी म्हणायचे, दादा म्हणायचा, शेजारच्या काकू म्हणायच्या. तो शब्द उच्चारला की विषय संपायचा. थकली म्हणजे वय झालं, आणि वयाला काय औषध?

आता मागं वळून पाहते तेव्हा एकेक खूण दिसते. आई आणि आळीतल्या दोघीजणी रोज संध्याकाळी प्रीतिसंगमावर जायच्या. कृष्णा-कोयना समोरासमोर येऊन भेटतात ते पाहत घाटावर बसायचं, यशवंतरावांच्या समाधीच्या बागेत एक फेरी आणि दिवेलागणीला घरी. त्याच्या आदल्या पावसाळ्यात चिखल झाला म्हणून ते थांबलं. पाऊस गेला तरी पुन्हा सुरू झालं नाही. मग कोपऱ्यावरचा मारुती. थंडीत तोही सुटला, संक्रांतीपासून ती दारच्या कट्ट्यावर बसू लागली. प्रत्येक वेळी कारण होतं आणि ते खरंच होतं. चिखल, थंडी, ऊन, सोबतीण मुलाकडे गेली. म्हणून कोणालाच काही वेगळं वाटलं नाही.

आणि बांगड्या. अण्णांनी निवृत्तीच्या पैशातून केलेल्या दोन सोन्याच्या बांगड्या तिच्या हातात असतात. चैत्रात मी गेले तेव्हा ती मोरीत भांडी विसळत होती. हात वर केला की बांगडी मनगटावरून सुटून थेट कोपरापाशी जात होती. पुढच्या बाजूला तिनं एकेक घट्ट काचेची बांगडी घातली होती. मी विचारलं तर म्हणाली, "सोन्याची निसटून पाण्यात जाईल गं." मी हसले, तिच्या हिकमतीचं कौतुक केलं. दवाखान्यात वजन ४१ किलो भरलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनची फाइल वहिनींनी आणली होती, तिच्यात दोन वर्षांपूर्वीचं वजन ४८ होतं. सात किलो आई आमच्या डोळ्यांदेखत गेली होती. अमेरिकेतल्या लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली थकलेपणाच्या पाच खुणा मांडल्या होत्या: ठरवून न करता घटलेलं वजन, मुठीतलं कमी झालेलं बळ, मंदावलेली चाल, सतत वाटणारा शीण आणि कमी झालेली हालचाल. पाचांतल्या तीन असल्या तर माणूस त्यात मोडतं. आईच्या पाचही होत्या.

ताप का नव्हता, हे डॉक्टरांनी मला आणि दादाला समजावलं. छातीत थायमस नावाची ग्रंथी असते, तिथं टी पेशी तयार होतात. ती तरुणपणापासूनच आटत जाते. म्हातारपणी नव्या जातीचा विषाणू ओळखणाऱ्या ताज्या पेशी थोड्याच उरतात. उलट अंगात बारीकशी सूज मात्र कायम धुमसत असते. त्यामुळे सुरुवातीला शरीर उशिरा जागं होतं, ताप चढत नाही, आणि नंतर उसळलेली सूज आवरता आवरत नाही. आईचं एरवीचं तापमान ९७ च्या आसपास असतं. तिच्यासाठी ९९.४ हा तापच होता. आणि न्हाणीतून उठता न येणं, भलतंच बोलणं, दोन दिवस न जेवणं, हीच तिची लक्षणं होती. मी खोकला आणि तापाची वाट पाहत बसले होते.

औषधाच्या डोसाबद्दल एक सांगते, कारण हे माझ्या कामातलं आहे आणि फार घरांत उपयोगी पडेल. फ्लूवर ऑसेल्टामिविर देतात, नेहमीचा डोस ७५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, पाच दिवस. पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर सगळ्यात चांगलं. आईला ते चौथ्या दिवशी मिळालं. भरती करण्याइतका आजार असेल तर उशीर झाला तरी देतात. मूत्रपिंडाचं काम जोखायला रक्तात पाहतात ते तिचं क्रिएटिनिन ०.९ आलं होतं, म्हणजे रिपोर्टवर अगदी नॉर्मल. पण क्रिएटिनिन स्नायूंतून येतं, आणि स्नायूच झिजलेले असतील तर आकडा चांगला दिसतो, मूत्रपिंड चांगलं असेलच असं नाही. वय ७९, वजन ४१ धरून मी तिथं बाकावर बसून हिशेब केला तर मूत्रपिंडाची क्षमता मिनिटाला ३३ मिलिलिटरच्या आसपास निघाली. तेवढ्याला डोस ३० मिलिग्रॅमचा. डॉक्टरांनी तोच लिहिला होता. हिशेब जुळला तेव्हा त्या दिवसात पहिल्यांदा मला जरा धीर आला.

दुसऱ्या रात्री ऑक्सिजन वाढवावा लागला. नाकातून जोरात गरम, दमट ऑक्सिजन सोडणारं यंत्र लावलं. बाईंनी पुन्हा बाहेर बोलावलं आणि व्हेंटिलेटरचा विषय काढला. त्यांनी घाबरवलं नाही, आडपडदाही ठेवला नाही. व्हेंटिलेटर आजार बरा करत नाही, फुप्फुसांना वेळ मिळवून देतो, त्या वेळात शरीरानं स्वतः सावरायचं असतं. त्यासाठी अंगात शिल्लक लागते. खोकून कफ काढायला बळ लागतं, नळी काढल्यावर स्वतःचा श्वास ओढायला छातीचे स्नायू लागतात. "तुमच्या आईंकडे ती शिल्लक थोडी आहे. मी नाही म्हणत नाहीये. त्यांना काय हवं असेल, ते मला सांगा."

दादा म्हणाला, "जे असेल ते सगळं करा." मी त्याच्या बाजूनंच होते. वहिनी म्हणाल्या, "अण्णा आयसीयूत होते तेव्हा आई मला म्हणाल्या होत्या, माझ्या वेळेला घशात नळ्या घालू नका." दादा चिडला. असं कधी म्हणाली, आमच्यासमोर का नाही म्हणाली. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्यासमोर म्हटलं असतं तर तुम्ही बोलूच दिलं नसतं." जिन्याखाली उभा राहून दादा रडला. लहानपणी विहिरीत पडला होता तेव्हासुद्धा तो रडला नव्हता असं आई सांगते.

आम्ही ठरवलं, ऑक्सिजन, औषधं, मास्कमधून दाब देणारं यंत्र, सगळं करायचं, नळी मात्र घालायची नाही. ते लिहून सही केली. नळीची वेळ आली नाही. आली असती तर मी त्या निर्णयाशी कशी जगले असते, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. पण निर्णय आईचा होता आणि तो आमच्यापर्यंत पोहोचवायला घरात एक माणूस होतं.

फुप्फुसं पाचव्या दिवसापासून सुधारू लागली. डोकं सुधारेना. दिवसभर आई झापड आल्यासारखी पडून असे, हाक मारली तरी ओ देत नसे, आणि रात्री दहानंतर जागी होई. मुक्कामी गाडी यायची वेळ झाली, दार उघडा, ते भिजून आले असतील. सुई ओढून काढायची, मास्क फेकायची. एका पहाटे मी चहा पिऊन वर आले तर तिचे दोन्ही हात बँडेजच्या पट्टीनं खाटेच्या कठड्याला बांधले होते. मनगटं लाल झाली होती. ज्या हातांतून बांगड्या निसटत होत्या तेच हात. मी रात्रपाळीच्या सिस्टरवर ओरडले. तिच्या अंगावर चौदा पेशंट होते, ती तरी काय करणार, हे आता कळतं. पण हात बांधल्यानं असा भ्रम वाढतो, माणूस आणखी घाबरतं, आणखी ओढतं. ते करायला नको होतं.

बाईंनी सकाळी पट्ट्या सोडवायला लावल्या, झोपेचं इंजेक्शन द्यायचं नाही असं लिहिलं, आणि आम्हाला कामं दिली. घरून चष्मा आणा, कवळी आणा. खाट खिडकीजवळ घेतो, दिवसा पडदा उघडा ठेवा. रात्री दिवे मालवा. लघवीची नळी काढून टाकली. घरचं एक माणूस सतत जवळ पाहिजे आणि त्यानं वाद घालायचा नाही. अण्णा गेले, हे तिला दर रात्री नव्यानं सांगायचं नाही. आज कुठला वार, बाहेर काय आहे, आपण कुठं आहोत, एवढंच सांगत राहायचं. वहिनींनी स्वयंपाकघरातलं कालनिर्णय खिळ्यासकट आणलं आणि समोर टांगलं. आई रोज सकाळी उठून आधी तिथी बघते, मग तोंड धुते. चाळीस वर्षांची सवय.

डॉक्टर रोज एक परीक्षा घ्यायच्या, डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायची. आई डिसेंबर म्हणून थांबायची आणि खिडकीकडे बघत राहायची. सातव्या दिवशी बाई गेल्यावर वहिनी तिच्या हातावर तेल चोळत सहज म्हणाल्या, "आई, फाल्गुनाच्या आधी काय हो?" आई म्हणाली, "माघ." "त्याच्या आधी?" "पौष. मग मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन..." डोळे मिटलेले, आवाज खोल गेलेला, पण ती एकेक महिना उतरत श्रावणावर आली आणि डोळे उघडून म्हणाली, "श्रावणच चाललाय की. माझे सोमवार बुडले." मी धावत जाऊन बाईंना बोलावून आणलं. त्यांनी पुन्हा म्हणून घेतले. मग त्यांनी वहिनींना विचारलं, हे तुम्हाला कसं सुचलं? वहिनी म्हणाल्या, "त्यांचं सगळं चैत्र-वैशाखातच चालतं. इंग्रजी महिने त्यांना बिलापुरतेच लागतात."

अकराव्या दिवशी घरी सोडलं. तेव्हा आईचा आकडा ६ होता. आंघोळीला माणूस लागत होतं, खाटेवरून उठताना मागून आधार द्यावा लागत होता. सोडताना हातात औषधांचा कागद होता, पण खरी औषधं त्या कागदावर नव्हती. ती फिजिओथेरपिस्ट मुलीनं आणि आहारतज्ज्ञांनी तोंडी सांगितली, तीही मी दोनदा विचारल्यावर. अमेरिकेत एकदा मोजक्या धडधाकट ज्येष्ठांना नुसतं दहा दिवस झोपवून ठेवलं होतं, कुठलाही आजार नसताना. त्यांच्या पायांचं जवळजवळ एक किलो मांस कमी झालं. आई तर अकरा दिवस न्यूमोनियानं झोपली होती, आणि मुळात तिच्याकडे होतंच किती?

म्हणून व्यायाम एकच, पण न चुकता. पाठीच्या, हाताच्या खुर्चीवरून उठायचं आणि सावकाश बसायचं. पहिल्या दिवशी आई हातांचा आधार घेऊन एकदा उठली आणि घामानं ओली झाली. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी जमेल तेवढं. वहिनींनी ते आरतीला जोडलं, सकाळची पूजा झाली की उठबस, संध्याकाळी दिवा लावला की उठबस. व्यायाम म्हणून आईनं तो केला नसता.

खाण्याचं जास्त अवघड गेलं. तिच्या वजनाला आजारातून उठताना दिवसाला ५० ते ६० ग्रॅम प्रथिनं लागतात. मी आणि वहिनींनी बसून हिशेब केला, आई आधी काय खात होती. सकाळी चहा-बिस्कीट. दुपारी दूध-भाकरी कुस्करून. रात्री मऊ भात, त्यावर वरणाचं पाणी. वीस ग्रॅमसुद्धा होत नव्हतं. आणि त्यात सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी. कारण विचारलं तर आधी "भूक नाही" म्हणाली, मग चार दिवसांनी कबूल केलं, कवळी टोचते. वजन कमी झाल्यावर हिरड्याही आक्रसल्या होत्या, कवळी ढिली झाली होती, चावलं की लागायचं. डाळ, उसळ, शेंगदाणे, सगळं तिनं गुपचूप सोडून दिलं होतं. दंतवैद्याकडे दोन फेऱ्यांत ते काम झालं. ते वर्षभर आधी होऊ शकलं असतं.

मग वहिनींनी स्वयंपाक बदलला. मुगाच्या डाळीचं धिरडं, वर पनीर किसून. घट्ट पिठलं. मटकी शिजवून मिक्सरमधून काढून तिचं कढण. शेंगदाण्याच्या कुटाचे मऊ लाडू, जेवणानंतर अर्धा. नाचणीचं सत्त्व पाण्याऐवजी दुधात. श्रावण संपल्यावर अंडंही. उपवासावर मात्र भांडण झालं. आई ऐकेना. शेवटी गल्लीतल्या देवळातल्या गुरुजींना वहिनींनी घरी बोलावलं, त्यांनी सांगितलं की आजाऱ्याला आणि वृद्धाला उपवासाची सूट आहे, संकल्प मनात धरला तरी पुरे. आईनं एकादशी आणि श्रावणी सोमवार ठेवले, बाकी सोडले. ठेवलेल्या दिवशी दूध, दही, पनीर.

तीन महिन्यांनी, कार्तिकात, ती हात न लावता खुर्चीवरून चारदा उठली. वजन ४३ झालं. मधूनच नाव विसरते, संध्याकाळी जरा गोंधळते. पहिल्यासारखी झाली असं मी म्हणणार नाही. आंघोळ पुन्हा स्वतः करते, न्हाणीत दोन ठिकाणी दांड्या बसवल्यात. काठी घेऊन कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत जाते. प्रीतिसंगमावर आम्ही तिला एकदा रिक्षानं नेलं, ती घाटाच्या वरच्या पायरीवर बसली आणि पाणी बघत बराच वेळ काही बोलली नाही. दिवाळीत आम्ही दोघं भावंडं तिच्याजवळ बसलो आणि पुन्हा अशी वेळ आली तर काय करायचं हे सरळ तिलाच विचारलं. दादानं स्वतः विचारलं. तिनं तेच सांगितलं जे वहिनींना सांगितलं होतं, आणि वर म्हणाली, "पण ताप आला तर बघत बसू नका, लवकर न्या."

आमच्या दुकानाच्या फ्रिजमध्ये दर वर्षी उन्हाळ्याच्या अखेरीला फ्लूच्या नव्या लसीचा खोका येतो. विषाणू रूप पालटतो म्हणून लसही दर वर्षी बदलते, आणि आपल्याकडे पावसाळ्यात साथ वाढते म्हणून त्याआधी घ्यायची असते. म्हाताऱ्या शरीरात लसीचा परिणामही तरुणांपेक्षा कमी होतो, तरी आजार जिवावर बेतण्याची शक्यता ती कमी करते. किती वर्षं तो खोका माझ्या हाताखालून गेला. मी स्वतः टोचून घेतली, सहकाऱ्यांना दिली, आईला कधीच नाही. ती कुठं बाहेर जाते, असं वाटायचं.

या वर्षी मे महिन्यात खोका आला त्याच आठवड्यात पाच लसी बर्फाच्या पिशव्यांत ठेवून मी कराडची एसटी पकडली. डबा सगळा रस्ता मांडीवर होता. नेहमीच्या डॉक्टरांनी आईला, दादाला, वहिनींना आणि दोन्ही भाच्यांना टोचली. घरातली पोरं खोकायची थांबली तर आईपर्यंत कमी पोहोचेल, म्हणून सगळ्यांना. न्यूमोनिया करणाऱ्या एका जिवाणूविरुद्धची, न्यूमोकॉकलची लस तिला आधीच दिली होती. आईच्या दंडावर सुई टोचण्याआधी डॉक्टरांनी चिमटीत मांस धरून पाहिलं आणि म्हणाले, "जरा भरलंय हो."

घरी आल्यावर ती कट्ट्यावर टेकली. सावल्या लांबल्या होत्या. मी आत निघाले तर माझा पदर धरून तिनं विचारलं, "आज मुक्कामी आहेस ना?"

"आहे."

"मग तांदूळ जास्तीचे घालायला हवेत," म्हणाली आणि काठी भिंतीला लावून, चौकटीला धरून, उठली.